हुक गेला, डबा आला, जमीन कुणाची?



सध्या या शहरात एक नवा मंत्र म्हणायची साथ आलीय. पुनरुज्जीवन! शिवडी, माझगाव, परळ, लालबाग, भायखळा, धारावी, म्हणजे ज्या पट्ट्यात आपण जन्मतो, राबतो, मोर्चे काढतो आणि मरतो, तो सगळा पट्टा मेलेला आहे असं साहेबलोकांनी परस्पर ठरवून टाकलंय. आणि मेलेल्याला उठवायची मात्राही त्यांच्याच खिशात. टेक्नॉलॉजी म्हणे. इनोव्हेशन म्हणे. जुन्या गिरणीत काचेची इमारत उभी करायची, आत गारेगार हवा सोडायची, पोरांपुढे लॅपटॉप ठेवायचे, की शहराच्या पोटात पुन्हा रक्त खेळायला लागतं. त्या काचेच्या आत कोण बसलाय आणि दारावर निळा ड्रेस घालून बारा तास उभा कोण आहे, एवढं विचारलं की साहेबाचं तोंड कडू होतं. म्हणतो, तुम्हां लोकांना प्रगतीच नको.

तेव्हा आधी हेच मिटवून टाकू. आम्हांला यंत्र पाहिजे. ज्याच्या पाठीवर पन्नास किलोची गोण दिवसभर चढते-उतरते त्याला यंत्राचं वावडं असेलच कसं? अंगमेहनतीत मोठं पावित्र्य आहे असं तोच म्हणतो ज्याच्या हाताला कधी घट्टा पडलेला नाही. चरख्याची आणि खेड्याची आरती ओवाळणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९४५ सालीच उत्तर देऊन ठेवलंय. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं या त्यांच्या पुस्तकात ते सरळ यंत्राच्या बाजूला उभे राहतात. त्यांचं म्हणणं असं की यंत्र माणसाला फुरसत देतं, आणि फुरसत मिळाल्याशिवाय माणूस जनावराच्या जिण्यातून वर येत नाही. यंत्रामुळे कुणाचे हाल होत असतील तर तो दोष यंत्राचा नाही, यंत्र ज्यांनी आपल्या मालकीचं करून ठेवलं त्या समाजरचनेचा. हे दोन्ही तुकडे एकत्र वाचायचे असतात. आपले पुढारी दुसरा तुकडा विसरतात आणि आपले कॉम्रेड पहिला.

आता या शहरात यंत्राची आणि जातीची पहिली मोठी गाठ कुठं पडली ते बघा. गिरणीत. आपल्याला शाळेत शिकवलं की यंत्र आलं की जात मोडते, कारण यंत्राला विटाळ कळत नाही. यंत्राला नसेल कळत, यंत्रावरच्या माणसाला चांगला कळत होता. साच्यावर सूत तुटलं, कांडी संपली, की विणकराला धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. आज एकाच्या ओठाला लागलेला धोटा उद्या दुसऱ्याच्या ओठाला. झालं! त्या एवढ्याशा भोकात सगळी मनुस्मृती मावली. विणाईच्या खात्यात, जिथं पगार बरा, तिथं महाराच्या पोराला मज्जाव. त्यानं रिंग खात्यात घाम गाळायचा. विलायतेचं लोखंड, विलायतेची वाफ, पारशी-गुजराती भांडवल, आणि आतमध्ये गावची वेस जशीच्या तशी.

१९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ठणकावून सांगितलं की सगळ्या खात्यांत काम करायचा आमचा हक्क मागण्यांच्या यादीत घाला, नाहीतर आमची माणसं तुमच्या संपात धरू नका. संपाच्या पुढाऱ्यांनी कुरकुर करत ती मागणी घातली. मालकांनी काय उत्तर दिलं? म्हणाले, हा अन्याय असेलही, पण तो आम्ही केलेला नाही. साला, मालक कधी कधी इतकं खरं बोलतो की आपल्याला तोंड लपवायला जागा उरत नाही. धोटा मालकाचा होता, विटाळ कामगाराचा होता.

पण मला यातून दुसरंच दाखवायचंय. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ सालीच तोंडानं सूत ओढायच्या धोट्यावर कायद्यानं बंदी घातली होती. जातीसाठी नाही, त्यातून क्षय पसरतो म्हणून. म्हणजे तोंड न लावता चालणारा धोटा जगात होता. सतरा वर्षांनंतरही मुंबईत ओठच लागत होते. यंत्र होतं, पण कुठलं यंत्र आणायचं हे ठरवणाऱ्यांच्या पंगतीत आपलं पान नव्हतं. आणि ही जुनी गोष्ट आहे असं कुणी म्हणू नका. गटार साफ करणारा यंत्रमानव केरळातल्या पोरांनी २०१८ साली बनवून दाखवला. गटारात माणूस उतरवायला कायद्यानं बंदी आहे २०१३ पासून. तरी या मुंबईत सेप्टिक टाकीत गुदमरून माणसं मेल्याच्या बातम्या येत राहिल्या, आणि मेलेल्याचं आडनाव वाचायला चष्मा लागत नाही. कारण उघड आहे. यंत्राला भाडं पडतं, आपला माणूस स्वस्त पडतो. ज्या गल्लीत इनोव्हेशनचा बोर्ड लागतो त्याच गल्लीच्या झाकणाखाली आपला माणूस उतरतो. तेव्हा टेक्नॉलॉजी आली म्हणून टाळ्या वाजवायच्या आधी कुणासाठी कुठली आली ते विचारायचं.

आता माझ्या धंद्यावर येतो. गोदी.

टोळीवाला हा शब्द आजच्या पोरांना ठाऊक नाही. पूर्वी गोदीच्या गेटवर सकाळी माणसांचा घोळका उभा राहायचा. टोळीवाला येऊन बोट दाखवायचा. तू ये, तू ये, तू नको. बोट ज्याच्याकडे गेलं त्याच्या घरी त्या दिवशी चूल. बाकीच्यांनी उद्या यायचं. बोट कुणाकडे वळायचं ते गाव, जात, नातं आणि हातावर ठेवलेली चिरीमिरी बघून. माझा पणजा त्या घोळक्यात उभा राहिलेला माणूस. मग १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा आला. इंग्लंडात आदल्याच वर्षी तशी योजना सुरू झाली होती. त्या कायद्यातून मुंबईत डॉक लेबर बोर्ड उभं राहिलं. कामगाराचं नाव रजिस्टरात चढलं. पाळी रजिस्टराप्रमाणे लागणार, कुणाच्या बोटाप्रमाणे नाही. जहाज आलं नाही तरी हजेरी लावली तर हजेरीचे पैसे मिळणार. जहाजं शंभर, मालक पन्नास, पण कामगाराची वही एक. माझा आजा त्या वहीतला.

मला विचाराल तर या शहराच्या मध्यावर गेल्या शंभर वर्षांत लागलेला सगळ्यात मोठा शोध तो हाच. त्याला कुणी इनोव्हेशन म्हटलं नाही, कारण त्याला बटण नव्हतं. पण त्या एका वहीनं चाळीतल्या पोरांना शाळा दिली, भाड्याच्या खोलीला पंखा दिला, पंधरवड्याच्या पगारावर वाण्याकडे उधारी चालू राहिली. शिवडी-माझगावची दुकानं, खानावळी, शिंपी, सायकलवाले, सगळे त्या वहीवर जगले. शहराच्या मध्यभागाची अर्थव्यवस्था म्हणतात ती ही.

मग डबा आला. २६ एप्रिल १९५६ ला माल्कम मॅकलीन नावाच्या एका ट्रकवाल्यानं अमेरिकेत न्यूअर्कहून 'आयडियल एक्स' या जहाजावर ५८ कंटेनर चढवून ह्यूस्टनला धाडले. सुटा माल जहाजात चढवायला तेव्हा टनामागे ५ डॉलर ८६ सेंट पडायचे. डब्यातून १६ सेंटांच्या आत काम झालं. (हा ५८ आकडा आमच्या राशीलाच लागलाय. मुंबईच्या कापडगिरण्या ५८, आणि त्यांच्या जमिनीचा निकाल लावणारा विकास नियंत्रण नियम, तोही ५८.) आणि डबा हे चांगलं यंत्र आहे, मी कबूल करतो. जुन्या माणसांची मनगटं बघा, हुकानं फाडलेली. खत, सिमेंट, गंधक यांच्या जहाजांत ज्यांनी पाळ्या काढल्या त्यांची छाती ऐका. ते गेलं, बरं झालं. त्या गोणीचं कौतुक करणाऱ्या कविता मी लिहिणार नाही.

पण डब्याला मोकळं मैदान लागतं, मागे रुंद रस्ता आणि रेल्वे लागते. माझगावच्या गल्ल्यांत ते कुठून येणार? म्हणून खाडीपलीकडे न्हावा-शेवा. त्या भागातल्या शेतकऱ्यांनी जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या लढ्यात गोळ्या खाल्ल्या, पाच जण गेले. १९८९ ला नवं बंदर सुरू झालं. १९९४ ला आमचं डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टच्या पोटात गेलं. १९९७ साली पार्लमेंटनं, मोठ्या बंदरांतून १९४८ चा कायदा काढून घ्यायची सोय करणारा नवा कायदा केला, आणि त्याच वर्षी न्हावा-शेव्याला पहिलं खाजगी टर्मिनल देण्याचा करार झाला. तारखा एका खाली एक लिहून बघा, जास्त अक्कल लागत नाही.

आता इथं नीट लक्ष द्या, कारण हे कुणी सांगत नाही. पोर्ट ट्रस्ट सरकारी होतं. तिथल्या भरतीला बिंदुनामावली होती, राखीव जागा होत्या. खाजगी टर्मिनलला त्या लागत नाहीत. ठेकेदाराला लागत नाहीत. म्हणजे डब्याबरोबर नुसती गोण गेली नाही, राखीव जागाही गेल्या. यंत्रानं दलितांची रोजी घेतली असं जे म्हणतात ते अर्धवट बोलतात. यंत्राच्या खांद्यावर बंदूक ठेवून घटनेच्या १६(४) कलमावर गोळी झाडली गेली. डबा उचलणारी क्रेन राखीव जागांतल्या पोरालाही चालवता आली असती. क्रेनला जात नाही, भरतीला आहे.

मी मॅट्रिक झालेला माणूस. इंदिरा गोदीत एका ठेकेदाराकडे स्टीलच्या कॉईलला साखळ्या अडकवतो. ठेकेदाराचा मुकादम आता गेटवर उभा राहत नाही. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकतो, उद्या अमक्या अमक्यानं या. ज्याचं नाव नाही त्यानं घरी बसायचं. ही आमच्या गोदीतली डिजिटल क्रांती! पणज्याला निदान टोळीवाल्याचं तोंड दिसायचं, त्याला शिवी घालता यायची. क्रेन शिकायची म्हटलं तर सर्टिफिकेट पाहिजे, सर्टिफिकेटला क्लास पाहिजे, क्लासची फी माझ्या कित्येक महिन्यांच्या कमाईएवढी. आणि काम गेलं त्या किनाऱ्याला जायला जानेवारी २०२४ ला अटल सेतू झाला, शिवडीच्या नाकासमोरून निघतो, जवळपास बावीस किलोमीटर लांब, काय ते इंजिनियरिंग! त्यावर मोटारसायकलला बंदी. रिक्षाला बंदी. सुरू झाला तेव्हा मोटारीला एका खेपेचा टोल २५० रुपये. शिवडीच्या पोराकडे असते मोटारसायकल. तंत्रज्ञान आमच्या दारातून जातं, आम्हांला वर घेत नाही.

डब्यानं गोदी रिकामी केली. गिरण्या रिकाम्या करायला तर नवं यंत्रसुद्धा लागलं नाही, उलट यंत्र न आणूनच त्या मारल्या. बहुतेक मालकांनी वर्षानुवर्षं जुनेच साचे चालवले, नफा दुसरीकडे वळवला, काम भिवंडीच्या मागांवर पाठवलं. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार संपावर गेले तेव्हा मालकाला कापडापेक्षा जमिनीत जास्त रस होता. १९९१ च्या नियम ५८ नं सांगितलं, गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करा. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली त्यात एक शब्द घुसला. वाटे होणार ते फक्त मोकळ्या जमिनीचे, इमारतीखालची जमीन सोडून. एवढ्या बारीक शब्दात शेकडो एकर उडाले. हायकोर्टानं २००५ ला तो खेळ मोडला, सुप्रीम कोर्टानं मार्च २००६ ला परत मांडला. सरकारी महामंडळानं २००५ ला लोअर परळची मुंबई टेक्सटाइल मिल ७०२ कोटींना विकली. २०१२ ला तीच जमीन २,७२७ कोटींना पुन्हा विकली गेली. सात वर्षांत त्या जमिनीनं असा कुठला शोध लावला? धूळ खात पडून राहायचा. आणि ज्यांनी तिथं साचे चालवले ते घराचा अर्ज हातात घेऊन म्हातारे झाले, त्यांना शेलू-वांगणीचा रस्ता दाखवला.

टेक्नॉलॉजीचं नाव इथं कसं वापरलं तेही बघून ठेवा. राज्याच्या आयटी धोरणानं आयटीच्या इमारतींना जादा एफएसआय दिला. कल्पना वाईट नव्हती. पण कॉम्प्युटरच्या नावावर मिळालेला मजला मोजायला कोण जातो? २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून १४ माणसं मेली, तेव्हा कुठं आयटीसाठी मंजूर झालेल्या जागेच्या गैरवापराची चौकशी लागली. त्याच्या बरोबर तीन महिने आधी, २९ सप्टेंबरला, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगरून २३ जण गेले. गिरणीच्या जागी टॉवर आले, टॉवरमध्ये हजारो माणसं कामाला आली, आणि चढायला-उतरायला पूल मात्र गिरणीच्या काळातला. पुढे लष्करानं काही महिन्यांत नवा पूल बांधून दिला, फेब्रुवारी २०१८ ला तो खुला झाला. म्हणजे पूल बांधायचं तंत्र होतं, वेळ होता, पैसा होता. फक्त लोकलनं येणाऱ्या माणसाची किंमत कुणाच्या आराखड्यात नव्हती.

हा प्रकार आपल्याच नशिबी आला असं नाही. ज्या इंग्लंडकडून आपण डॉक लेबरची वही घेतली तिथं लंडनच्या गोद्या डब्यानंच रिकाम्या केल्या, १९८१ पर्यंत सगळ्या बंद. त्याच वर्षी थॅचरबाईच्या सरकारनं गोदीच्या जमिनीसाठी खास महामंडळ काढलं, तिथल्या नगरपालिकांचे अधिकार बाजूला सारून. करमाफी दिली, नवी रेल्वे दिली. १९८६ ला रूपर्ट मरडॉकनं आपला छापखाना फ्लीट स्ट्रीटवरून उचलून वॉपिंगच्या जुन्या गोदीच्या जागेत नेला, कॉम्प्युटरवर जुळणी सुरू केली, आणि पाच हजारांहून जास्त छापखाना कामगार रस्त्यावर आले. १९८९ ला गोदी कामगारांची योजनाही रद्द. १९९१ ला कॅनरी वॉर्फचा उंच टॉवर झाला, पुढच्याच वर्षी तो बांधणाऱ्या कंपनीचं दिवाळं वाजलं, टॉवर मात्र राहिला आणि बँकांनी भरला. आज तिथं पैसा भरपूर आहे. गोदी कामगाराचा नातू तिथं बँकेत बसला की नाही हे पुनरुज्जीवनाच्या हिशेबात मोजायचा रकाना नव्हता. आमच्या पूर्व किनाऱ्याचे आराखडे काढणारे साहेब लंडनचे फोटो दाखवतात तेव्हा पाण्यात पडलेलं टॉवरचं प्रतिबिंब दाखवतात, वॉपिंगच्या गेटवर वर्षभर उभे राहिलेले छापखानावाले दाखवत नाहीत.

आपल्यातलेही काही शिकलेले म्हणतात, नोकरी मागू नका, उद्योजक व्हा. मी त्यांना हसत नाही. २०१६ पासून २०२५ पर्यंत स्टँड-अप इंडियात आपल्या माणसाला दहा लाखांपासून कोटीपर्यंत कर्ज मिळू शकत होतं. पण बँक पहिल्यांदा काय मागते? जागेचे कागद. आणि जागेचे कागद असते तर धारावी धारावी कशाला राहिली असती? तिथं येऊन बघा उद्योजक. दहा बाय पंधराच्या खोलीत खाली यंत्र, पोटमाळ्यावर चार माणसं शिलाईवर. प्लॅस्टिक जाळून वास घेऊन, पाण्यात बुडवून, जात ओळखतात. प्लॅस्टिकची जात, आपली नाही! त्याचे तुकडे करायचं यंत्र पुढच्याच गल्लीत वेल्डिंग करून बनतं. चांभार, ढोर, तमिळ आदिद्रविड, यांनी तिथं चामड्याचा धंदा उभा केला. २०१५ च्या गोवंश कायद्यानं त्याच्या मानेवर पाय दिला, तरी तो जिवंत आहे. शहराच्या मध्यावर टेक्नॉलॉजीनं जगणारी वस्ती कशी असते याचा नमुना कुठं असेल तर तो हा. त्यालाच मेलेला ठरवून २०२२ ला लिलाव झाला, अदानींची बोली ५,०६९ कोटींची. नियम असा की खालच्या मजल्यावर २००० च्या आधीपासून राहणारा पात्र, वरच्या मजल्यावरच्याला धारावीबाहेर भाड्याचं घर. पण धारावीचा कारखाना तर वरच्याच मजल्यावर आहे! शिडी कापून टाकायची आणि वर इनोव्हेशन सेंटरचा बोर्ड लावायचा.

मग आम्हांला काय पाहिजे? रडगाणं गाऊन मी थांबणार नाही.

वही पाहिजे. गोदीची वही मोडली तरी तिची दोन पोरं महाराष्ट्रात अजून आहेत. १९६९ चा माथाडी कायदा आणि १९८१ चा सुरक्षा रक्षकांचा कायदा. मालक कितीही असोत, बोर्डात कामगाराची नोंद, मालकाकडून लेव्ही, त्यातून पगार, फंड, आजारपण. लोअर परळच्या टॉवरमध्ये जेवणाची पिशवी घेऊन मागच्या लिफ्टनं चढणारा पोरगा, ज्याचा आजा त्याच जागी साच्यावर होता, त्याला हीच वही लावा. त्याचा टोळीवाला मोबाईलच्या आत बसलाय, म्हणून कायदा लागत नाही हे कुठलं शास्त्र? राजस्थाननं २०२३ साली कायदा केला, प्रत्येक ऑर्डरमागे कंपनीनं कल्याणासाठी फी भरायची. माथाडीच्या महाराष्ट्रानं राजस्थानच्या मागे राहावं ही शरमेची गोष्ट आहे. आणि मी एक पाऊल पुढं जाऊन म्हणतो, नुसती फी नको, पाळी वाटायचा कॉम्प्युटरच बोर्डाच्या हातात द्या. कुणाला किती ऑर्डर, का कमी, का बंद केलं, हे कामगाराला आपल्या फोनवर दिसलं पाहिजे. हे तंत्र चंद्रावर यान धाडण्यापेक्षा सोपं आहे.

लोक म्हणतील, बोर्डात काय कमी घाण आहे? खोटे माथाडी, नावं विकणारे, दमदाटी करणारे दादा. आहे, आम्हांला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून तर कॉम्प्युटर मागतो. तुमचं इनोव्हेशन आधी इथं लावा, जिथं त्याच्यामुळे कुणाचा तरी हप्ता बंद होईल.

दुसरं, जमीन. मुंबई बंदराची जमीन अठराशे एकरांच्या घरात, आणि ती कुणाच्या बापाची नाही, सरकारची आहे. गिरण्यांच्या वेळी मालक आडवा होता, इथं मालकच नाही. इथं तरी नियम ५८ चा तमाशा परत नको. दारूखान्यात जा. जहाजं तोडतात, नांगर, साखळ्या, इंजिनाचे भाग सुटे करून विकतात, लेथवर नवे घडवतात. गॅस कटर घेऊन टाकीत उतरणाऱ्याजवळ विषारी वायू ओळखणारं हातात मावेल एवढं यंत्र असायला पाहिजे, ते द्या. ज्या शेडमध्ये तो काम करतो तिचा लांब मुदतीचा पट्टा काम करणाऱ्यांच्या सोसायटीला द्या. रिकाम्या गोदामांत क्रेन, वेल्डिंग, कंटेनर दुरुस्ती, कॉम्प्युटर यांचं फुकट शिक्षण द्या, पहिला हक्क गोदी आणि गिरणी कामगारांच्या पोरांचा. आणि सरकारी जमिनीवर जो कुणी टर्मिनल, टॉवर, क्रूझचं धक्कास्थान चालवेल त्याच्या करारातच राखीव जागांची अट घाला. खाजगी क्षेत्र म्हणून अंग काढता येणार नाही. पाण्यापासून पायाखालच्या फरशीपर्यंत सगळं सरकारी आणि नुसती भरती खाजगी, हे चालायचं नाही.

शिवडीच्या बीडीडी चाळींचं उदाहरण ताजं आहे. नायगाव, वरळी, ना. म. जोशी मार्गावर पुनर्विकासाचं काम सुरू झालं तेव्हा शिवडी मागे राहिली, कारण जमीन बंदराची. म्हणजे जमीन सरकारी असली की आमचं घर अडतं, पण क्रूझचं टर्मिनल अडत नाही.

किनाऱ्याच्या आराखड्यावर हरकती मागवायची नोटीस पेपरात कोपऱ्यात येते आणि मुदत संपल्यावर आपल्याला कळतं. पुढची नोटीस निघेल तेव्हा प्रत्येक चाळीतून हरकत गेली पाहिजे. मराठीत लिहा, हातानं लिहा, नाव, पत्ता आणि काय काम करता ते लिहा. घरात आज्याचं डॉक लेबरचं कार्ड असेल, गिरणीचा पास असेल, त्याची झेरॉक्स जोडा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.